घर एकाचे, बांधणी अनेकांची
(वारणानगर येथे संस्थेच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही काही पट्टीचे वक्ते नव्हे. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकून म्हणून लागलो. तेव्हापासून काउंटरमागे बसून नोंदी करणे, फॉर्म तपासणे आणि ‘हा कागद आणा, तो कागद आणा’ असे सांगणे हेच आमचे काम. संस्थेच्या कार्यवाहांनी ‘घरकुल आणि वस्ती-सुधारणा’ या विषयावर बोलावे असा आग्रह धरला, तेव्हा आम्ही म्हणालो, या विषयावर इंजिनिअरने बोलावे, आम्ही काय बोलणार? त्यावर ते म्हणाले, ‘घराचे कागद ज्याच्या हातून जातात, त्यानेही कधीतरी बोलले पाहिजे.’ म्हणून आज आपल्यासमोर उभे आहोत.

प्रथम एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावातल्या मावशी आमच्या काउंटरवर आल्या. घराच्या मातीच्या भिंती पाडून विटांच्या करायच्या होत्या आणि त्यासाठी थोडे कर्ज हवे होते. हातात ग्रामपंचायतीचा उतारा होता, तोही वारलेल्या सासऱ्यांच्या नावाचा. वारस चार, वाटणी नाही, मोजणी नाही. आम्ही नियमाप्रमाणे सांगितले, ‘मावशी, तारण ठेवण्यासारखा कागद नाही.’ त्या म्हणाल्या, ‘साहेब, कागदावर घर नाही म्हणता, मग आम्ही इतकी वर्षं राहतोय कुठं?’ आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. पाणी असेपर्यंत भिंत उभी होती. पाणी ओसरल्यावर भिजलेली माती सुटली आणि चौथ्या दिवशी भिंत बसली. सुदैवाने घरात कोणी नव्हते. त्या जागी पत्रे उभे राहिले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा ते पत्रेही वाकले.

आम्ही नियम मोडायला हवा होता असे आमचे म्हणणे नाही. पण नियम सांगून थांबलो, ही आमची चूक होय. त्या मावशींना वारसनोंद कुठे होते, मोजणी कोण करतो, घरकुल योजनेचा अर्ज कुठे द्यायचा, हे आम्ही सांगू शकलो असतो. ग्रामसेवकांना चार ओळींची चिठ्ठी देऊ शकलो असतो. बँक आपल्या जागी बरोबर होती, ग्रामपंचायत आपल्या जागी बरोबर होती, तलाठी कार्यालयही बरोबर होते. सगळे बरोबर असताना भिंत मात्र पडली. आजच्या विषयाचे मर्म आम्हांस येथेच दिसते.

आता थोडे मागे पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून हवा-उजेड आणणे हा हेतू चांगलाच होता. पण जेवढी घरे पाडली तेवढी उभी राहिली नाहीत, आणि पाडलेल्या घरांतली गरीब माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. याच ट्रस्टने बांधलेल्या परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत परमपूज्य बाबासाहेबांनी १९१२ ते १९३४ अशी जवळजवळ बावीस वर्षे काढली. आपल्या कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला त्याच चाळीत गेले होते. पुढे दादरला ‘राजगृह’ उभे राहिले, तेव्हा त्यात पुस्तकांसाठी प्रशस्त जागा आधी योजली गेली. अभ्यासाला जागा लागते, उजेड लागतो, शांतता लागते. आपल्या वस्तीतला मुलगा दहावीला कमी गुण मिळवतो, तेव्हा त्याच्या डोक्याचा हिशेब करण्याआधी त्याच्या खोलीचा हिशेब करावा, असे आम्हांस वाटते.

ट्रस्टच्या कामातून एक धडा मिळतो. घर कोणासाठी बांधायचे त्यालाच विचारले नाही, तर चांगल्या हेतूचेही वाटोळे होते. याच्या उलट घडलेली दोन उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रात आहेत.

पहिले सोलापूरचे. तेथील विडी कामगार बहुसंख्य स्त्रिया. दिवसभर विड्या वळायच्या आणि भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत राहायचे. नरसय्या आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखाली या कामगारांनी सहकारी गृहनिर्माण संस्था केली आणि घरासाठी लढा दिला. सोलापूरजवळ कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. १ सप्टेंबर २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे कामगारांना मिळाली. घराचा हिशेब पाहा. किंमत साठ हजार. वीस हजार केंद्राचे, वीस हजार राज्याचे आणि वीस हजार कामगार स्त्रीचे स्वतःचे. वीस हजार ही रक्कम विडी वळणाऱ्या बाईला लहान नव्हती. पण तिचा तिसरा हिस्सा असल्यामुळे घराच्या बाबतीत बोलण्याचा तिला अधिकार होता. पुढे त्याच परिसरात तीस हजार घरांचे रे नगर आखले गेले. त्यांपैकी पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आल्या. २००६ आणि २०२४ या काळात सरकारे बदलली, योजनांची नावे बदलली, पण संघटना टिकली म्हणून काम पुढे गेले. विद्यार्थी मित्रांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण पुण्याच्या येरवड्याचे. २००५ च्या डिसेंबरात केंद्राने शहरांसाठी जवाहरलाल नेहरू अभियान सुरू केले. त्यातून येरवड्यातील वस्त्यांत घरे बांधायचे ठरले, तेव्हा सगळी वस्ती पाडून इमारत उभी करायची, ही नेहमीची रीत येथे सोडून दिली. जी घरे पक्की होती ती राखली. जी कच्ची होती तीच पाडून, त्याच जागी, त्याच शेजारात पुन्हा बांधली. बचत गट चालवणाऱ्या ‘महिला मिलन’च्या भगिनी, ‘स्पार्क’ ही संस्था, वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई व त्यांचे सहकारी आणि पुणे महापालिका असे चौघे एकत्र बसले. घर सुमारे २७० चौरस फुटांचे, अनुदानाची मर्यादा तीन लाखांची आणि कुटुंबाचा वाटा दहा टक्क्यांचा. जागा अगदीच लहान असेल तर दोन-तीन घरांनी एकत्र येऊन भिंत सामाईक धरायची. नकाशा बाईला समजत नसेल तर कापडाचे आणि पुठ्ठ्याचे घर करून दाखवायचे. कामाचे ठिकाण, मुलांची शाळा, उधारीचे दुकान, आजारपणात धावून येणारी शेजारीण, हे सगळे जागच्या जागी राहिले. घर नवे आणि शेजार जुना, हे कोणत्याही उंच इमारतीला सहसा जमत नाही.

कोणी म्हणेल, मुंबईत तर झोपडीवाल्याला घर फुकट मिळते, मग आपण वाटा का घालावा? याचे उत्तर दानधर्मात शोधू नये, ते जमिनीच्या भावात आहे. मुंबईत बिल्डर काही मजले विकून गरिबांच्या घरांचा खर्च भरून काढतो. आपल्या पन्हाळा तालुक्यात, कोडोलीत किंवा हातकणंगल्याच्या वस्तीत जागेला तो भाव नाही आणि तो येण्याची वाट पाहू नये हेच बरे, कारण भाव आला की आधी गरीबच उठवला जातो. म्हणून आपल्याकडे एकच मार्ग राहतो. थोडे सरकारने, थोडे बँकेने, थोडे संस्थेने आणि थोडे आपण.

ही रीत वारणेला नवी नाही. तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून या माळावर साखर कारखाना उभा केला आणि त्याच्या आधाराने शाळा, महाविद्यालये, दूध संघ, बाजार उभे राहिले. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प याच वारणानगरात सुरू झाला, तेव्हा निम्मा खर्च केंद्राने, चाळीस टक्के राज्याने आणि दहा टक्के येथील शिक्षण संस्थेने उचलला होता. ऊस आणि संगणक यांसाठी आपण एकत्र येऊ शकलो. मग घरासाठी का येऊ नये?

कोल्हापूर शहरातही एक लहानसे पण बोलके काम झाले आहे. ‘शेल्टर असोसिएट्स’ ही प्रतिमा जोशी यांनी सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये पुण्यात सुरू केलेली संस्था वस्त्यांचे नकाशे तयार करते. त्या नकाशांवरून कोणत्या घरात शौचालय नाही आणि ड्रेनेजची लाइन कोठपर्यंत आली आहे, हे कळते. मग महापालिका लाइन देते, संस्था बांधकामाचे साहित्य दारात आणून टाकते आणि कुटुंब गवंड्याची मजुरी भरून घरात शौचालय बांधून घेते. ज्या आईला रात्री मुलीबरोबर सार्वजनिक शौचालयापर्यंत चालत जावे लागते, तिला या कामाचे मोल सांगावे लागत नाही.

ग्रामीण भागासाठी २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेची आखणीही अशीच जोडकामाची होती. सपाट भागात घराला एक लाख वीस हजार, शौचालयाला स्वच्छ भारतमधून बारा हजार, रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी, आणि इच्छा असल्यास बँकेकडून सत्तर हजारांपर्यंत कर्जाची सोय. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास योजना आहे. ज्याला जागाच नाही त्याच्यासाठी जागा खरेदीचे अर्थसाहाय्य आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. ती पत्रिका हातात असती, तर त्या मावशींना आम्ही परत पाठवले नसते.

मग अडते कोठे? काउंटरवर बसून आम्हांस तीन अडचणी दिसल्या. पहिली वारसनोंदीची. आजोबांच्या नावावरचे घर नातवाला कागदावर मिळत नाही, आणि भाऊबंदांची सही शेवटपर्यंत राहते. दुसरी हप्त्यांची. काम जसे वर येते तसा अनुदानाचा हप्ता सुटतो. पण जोत्यापर्यंत येण्यासाठी लागणारा पैसा हाती नसतो. मग माणूस जादा व्याजाने उचल करतो, आणि घर पुरे होण्याआधीच कर्ज पुरे वाढते. तिसरी अडचण बांधकामाच्या दर्जाची. काळ्या मातीत पाया मुरुमापर्यंत नेला नाही तर भिंतीला तडे जातात. नदीकाठी जोते उंच हवे. स्लॅबला आणि भिंतींना निदान आठ-दहा दिवस पाणी मारायला हवे. खिडकी समोरासमोर हवी. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. त्या सांगणारा आणि उभे राहून करून घेणारा माणूस लागतो.

आता कळीचा प्रश्न. अनेकांचे काम ते कोणाचेच नाही, असे आपण नेहमी पाहतो. उद्घाटनाला दहा हात असतात, पायाचा खड्डा बुजलेला पाहायला एकही नसतो. त्यावर उपाय एकच. कोण काय करील आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे कागदावर लिहून विहाराच्या भिंतीवर लावावे.

म्हणून या संस्थेपुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवतो. यंदा एकच वस्ती निवडावी. येत्या सुटीत महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घराघरांत जाऊन नोंद करावी : उतारा कोणाच्या नावे, भिंती कशाच्या, शौचालय आहे का, पुराचे पाणी कोठवर आले होते. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांनी वस्तीचा नकाशा काढावा. संस्थेने प्रत्येक घराची एक फाइल करावी. ग्रामपंचायतीकडे एकेकट्याने हेलपाटे घालण्याऐवजी सर्व फाइली एकत्र न्याव्यात. सिमेंट आणि सळई दहा घरांनी मिळून घेतली तर भावही बरा मिळतो. आणि संस्थेच्या निधीतून एक लहान फिरता निधी ठेवावा, जोत्यापर्यंतची उचल द्यावी आणि हप्ता आला की परत घ्यावी. विहाराच्या फरशीचे काम एक वर्ष पुढे गेले तर चालेल. हे काहींना रुचणार नाही याची आम्हांस जाणीव आहे. पण पावसाळा फरशीसाठी थांबत नाही, आणि मातीच्या भिंतीसाठीही थांबत नाही.

आमच्यापुरते म्हणाल तर दर रविवारी सकाळी दोन तास आम्ही विहारात बसू. वारसनोंदीचा अर्ज, घरकुलाचा फॉर्म, बँकेचे कागद जे लागेल ते भरून देऊ. ज्या मावशींना आम्ही परत पाठवले, त्यांच्या घरी मागच्या महिन्यात जाऊन आलो. त्यांच्या चार वारसांपैकी तिघांच्या सह्या झाल्या आहेत. चौथे भाऊ इचलकरंजीला असतात. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जायचे आहे. कोणी विद्यार्थी बरोबर येणार असेल, तर सभेनंतर नाव द्यावे.