शीत दाबून पाहावे तसे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत. रक्ताच्या तपासणीवर मी बोलणार, हे पत्रिकेत वाचून काहीजणी हसल्याही असतील. पण मामंजींच्या आजारपणात जे कळले ते सर्वांना सांगा, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला.

गेल्या पावसाळ्यात मामंजींना न्यूमोनिया झाला. इस्पितळात शिरेतून अँटिबायोटिक सुरू केले. चौथ्या दिवशी ताप उतरला. पण जुलाब लागले, तोंडाची चव गेली, सुया टोचून हात काळेनिळे झाले. सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्यापासून हे औषध बंद."

मी घाबरले. औषध अर्धवट सोडू नये, हे तर आपण जन्मभर ऐकत आलो! मला वाटले, यांना खाट रिकामी करायची घाई झाली आहे. मी त्यांच्याशी चक्क भांडले. आठवले की आजही लाज वाटते.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी रक्ताच्या तपासणीचे दोन कागद समोर ठेवले. प्रोकॅल्सिटोनिन (नाव घेताना जीभ अडखळते खरी!) हे द्रव्य निरोगी माणसाच्या रक्तात अगदी नाममात्र असते. बॅक्टेरियांनी जोर केला की काही तासांतच ते चढते. विषाणूच्या तापात सहसा फारसे चढत नाही. रोग हटू लागला की दिवसाला साधारण निम्म्याने उतरते. मामंजींचा आकडा पहिल्या दिवशी ८ होता, सहाव्या दिवशी ०.४. तो ०.५ च्या खाली आला, किंवा सर्वांत चढलेल्या आकड्याच्या ८० टक्के उतरला, की डॉक्टर औषध थांबवण्याचा विचार करतात.

भात शिजला का, हे आपण घड्याळ पाहून ठरवतो का? शीत दाबून पाहतो. एवढे म्हटल्यावर मला पटले.

नेदरलँड्समध्ये १५ इस्पितळांच्या अतिदक्षता विभागांत दीड हजारांवर रोग्यांवर हे करून पाहिले. २०१६ साली त्याची हकीकत प्रसिद्ध झाली. औषधाचे दिवस सातांवरून पाचांवर आले आणि मृत्यू वाढले नाहीत, उलट कमीच झाले. ब्रिटनमध्ये २७६० रोग्यांची पाहणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तिथे सुमारे एकच दिवस वाचला. आपल्या ओळखीची सीआरपी तपासणीही त्यांनी लावून पाहिली, पण तिने दिवस कमी झाले नाहीत. एकच दिवस, असे तुम्ही म्हणाल. मामंजींच्या हाताकडे पाहिले असते तर म्हणाला नसता. शिवाय औषधाचा जितका मारा जास्त, तितके बॅक्टेरिया त्याला निर्ढावतात. मग पुढच्या आजारात तेच औषध लागू पडत नाही.

हे ऐकून शेजारच्या वहिनींनी विचारले, "मग मीही गोळ्या दोन दिवसांत सोडू?" नाही हो वहिनी! डॉक्टरीणबाईंनी आकड्याबरोबर छाती तपासली, श्वास मोजला, जेवण विचारले. मोठी शस्त्रक्रिया किंवा भाजणे यानेही हा आकडा चढतो. आपण घरी बसून हे ठरवू नये. तपासणीला पैसेही बरेच पडतात आणि ती सगळीकडे होत नाही. पण डॉक्टरांना "आणखी किती दिवस, आणि कशावरून?" असे विचारायला कोणाची चोरी आहे?

मामंजी तिसऱ्या दिवशी घरी आले. आल्याबरोबर त्यांनी आमटी-भात मागितला. मी डॉक्टरीणबाईंची क्षमा मागायला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "भांडलात म्हणून तर समजावून सांगता आले."