जमिनीवरचे विमान
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विमानचालनातील संधी या विषयावर मी बोलावे असे चिटणीसांनी कळविले होते. संधींची माहिती छापील पत्रकात मिळते. ती वाचून दाखविण्यासाठी माझी गरज नाही. त्यापेक्षा चहाच्या वेळी एका मुलीने मला जो प्रश्न विचारला त्याचेच उत्तर द्यावे असे वाटते. तिने विचारले, "काका, विमान वर नेणे अवघड की खाली आणणे?" मी म्हणालो, "आमचे विमान तर जमिनीवर सरळ चालवणेच सर्वांत अवघड होते." ती हसली. तिला वाटले, मी थट्टा करतो आहे.

मित्रहो, आज आपण विमानतळावर जी मोठी विमाने पाहता त्यांना पुढे नाकाखाली एक चाक असते आणि मुख्य चाके मध्यापासून थोडी मागे असतात. पूर्वीची बहुतेक विमाने अशी नव्हती. त्यांची दोन मुख्य चाके पुढे आणि शेपटीखाली एक लहानसे चाक, किंवा नुसती एक घसरपट्टी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते 'पस मॉथ' विमान याच जातीचे. आपल्या देशात आराखडा तयार होऊन १९५१ साली उडालेले 'एच. टी. २' हे शिकाऊ विमानही याच जातीचे. त्याचे मुख्य अभिकल्पक डॉ. वि. मा. घाटगे हे आपले मराठी गृहस्थ, जर्मनीत गटिंगेन येथे शिकून आलेले. मी ज्यावर शिकलो ते 'पुष्पक' विमानही बंगळूरच्या त्याच कारखान्यातले. त्याचे पहिले उड्डाण १९५८ साली झाले. शेजारी-शेजारी दोघांची बैठक, पंख डोक्यावर, नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेले कापड आणि नव्वद अश्वशक्तीचे इंजिन. मेकॅनिक हाताने प्रोपेलर फिरवून ते चालू करीत. विमान गरीब स्वभावाचे होते. परंतु जमिनीवर त्याच्याकडे पाठ फिरवून चालत नसे.

असे का, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. दोन चाकांची हातगाडी आपण ओढत नेली तर ती मागून मुकाट्याने सरळ येते. तीच गाडी पुढे ढकलत नेली, तर जरा तिरकी झाली की आणखी तिरकी होऊ पाहते. शेपटीच्या चाकाच्या विमानात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो; म्हणजे वजन मागून चाकांना ढकलीत असते. नाक किंचित डावीकडे वळले की मागचे वजन मूळच्या दिशेनेच जाऊ पाहते आणि शेपूट उजवीकडून पुढे येऊ लागते. वळण आपोआप वाढत जाते. नाकाखाली चाक असलेल्या विमानात वजन मुख्य चाकांच्या पुढे असल्याने ते वळण आपोआप कमी होते. सारा फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. विमानाने स्वतःभोवती अशी गिरकी घेतली की त्याला वैमानिक 'ग्राउंड लूप' म्हणतात.

त्यात आणखी भर पडते. विमान उभे असताना नाक वर असते, त्यामुळे समोरचे नीट दिसत नाही. म्हणून टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून नेताना, नागमोडी जायचे आणि कधी या तर कधी त्या बाजूने पुढे पाहायचे. वारा बाजूने आला की मागच्या उभ्या पृष्ठभागावर दाब पडून नाक वाऱ्याकडे वळते, घराच्या छपरावरच्या वातकुक्कुटाप्रमाणे. उड्डाणासाठी इंजिनाला पूर्ण जोर दिला की प्रोपेलरच्या पिळदार झोताने आणि इतर कारणांनी आमचे विमान डावीकडे ओढे. उजवा पाय तयार ठेवावा लागे. आणि कंट्रोल? अंगाला वारा लागतो आहे तोवर हाताला सुट्टी नाही. वारा समोरच्या बाजूने तिरका येत असेल तर कंट्रोल मागे ओढून वाऱ्याच्या बाजूला धरायचा, म्हणजे तिकडचा पंख उचलला जात नाही आणि शेपूट जमिनीला टेकून राहते. वारा मागून तिरका येत असेल तर कंट्रोल पुढे, आणि वाऱ्यापासून दूरच्या बाजूला. टॅक्सी करताना प्रत्येक वळणावर हे बदलते. मी पाठ केले होते. चाचणीत घडाघडा सांगितलेही होते.

आता पायांविषयी. दोन पेडल असतात. उजवे दाबले की रडर आणि शेपटीचे चाक फिरून नाक उजवीकडे येते. नवशिक्या काय करतो? विमान डावीकडे चालले की घाबरून उजवे पेडल पूर्ण दाबतो आणि विमान सरळ होईपर्यंत दाबूनच ठेवतो. सरळ झाले तेव्हा उशीर झालेला असतो. ते आता उजवीकडे निघालेले असते. मग डावे पेडल, आणखी जोराने. माझे पहिले काही तास असेच गेले. सर शेजारी बसून म्हणत, "दाबलेस ना? मग सोड!" त्यांनी एकदा हँगरमधला झाडू मागविला आणि तळहातावर उभा धरायला लावला. झाडू कलू लागल्याबरोबर हात जरासा हलवावा लागतो, आणि लगेच परत आणावा लागतो. झाडू कलल्याचे आपल्याला ठळक दिसेपर्यंत थांबलो तर तो पडलेलाच असतो. पाहायचे झाडूच्या टोकाकडे, हाताकडे नाही. विमानातही नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवली तरच नाकाचे बारीक हलणे कळते. ब्रेकवर मात्र भरवसा ठेवू नये. दोन्ही जोरात दाबले तर शेपूट वर उठून प्रोपेलर जमिनीला लागतो.

हे सगळे कळत असूनही १९७३ साली माझ्या हातून जे झाले ते सांगतो. माझे वडील गिरणीत होते. पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी माझ्या उड्डाणाचे पैसे भरले होते. पैसे तासावर असत, आणि जमिनीवरची मिनिटेही त्या हिशेबात धरली जात. त्यामुळे टॅक्सी करणे म्हणजे पैसे वाया घालविणे असे मला वाटे. एकट्याने उडण्याची परवानगी मिळून आठवडा झाला होता. वारा डावीकडून होता, फार नव्हे. तिन्ही चाके एकदम टेकली, अगदी पुस्तकातल्यासारखी. मला इतका आनंद झाला की मी हात सैल सोडला आणि क्लबच्या झाडाखाली उभ्या असलेल्या मित्रांकडे पाहिले. तेवढ्यात नाक डावीकडे वळले. मी उजवे पेडल दाबले. परंतु वेग उतरल्यामुळे रडरवर पुरेशी हवा नव्हती, आणि वळण एवढे वाढले होते की शेपटीचे चाकही मोकळे फिरू लागले. डावा पंख वाऱ्याने उचलला गेला, उजव्याचे टोक जमिनीला घासले आणि मी जिकडून आलो होतो तिकडे तोंड करून थांबलो. इंजिन शांतपणे चालूच होते.

मला खरचटलेही नाही. पंखाचे टोक मोडले, कापड फाटले, एक एलेरॉन वाकला. माझे उड्डाण बंद झाले. घरी वडिलांनी विचारले, "पडलं का विमान?" मी म्हणालो, "नाही, जमिनीवर फिरलं." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जमिनीवर? आणि पतपेढीला काय सांगू?"

क्लबमधून नाव काढून टाकतील असेच मला वाटत होते. सरांनी तसे केले नाही, पण शब्दाने दिलासाही दिला नाही. दुरुस्ती चालली असता रोज सकाळी मी हँगरमध्ये यावे, एवढे सांगितले. मेकॅनिककाकांच्या हाताखाली मी कापड ताणले, डोप लावला, दुसरे विमान ढकलून आत-बाहेर केले. शेपूट धरून विमान ढकलताना ते कसे वळू पाहते हे माझ्या हातांना तेव्हा प्रथम समजले; डोक्याला ते आधीच माहीत होते. संध्याकाळी उभ्या विमानात पंधरा मिनिटे बसायचे आणि समोर पाहायचे, अशी आज्ञा होती. नाकाच्या कडेपासून क्षितिज किती वर दिसते, दोन्ही बाजूंना जमीन किती दिसते, हे डोळ्यांत भरून घ्यायचे. कारण उतरताना चाके टेकायच्या क्षणी चित्र नेमके तेच दिसायला हवे. याचे पैसे पडत नसत. हे मी पहिल्या दिवसापासून करू शकलो असतो, हा विचार तेव्हा फार बोचला आणि अजूनही बोचतो.

दोन महिन्यांनी तेच विमान तयार झाले. पहिल्या दिवशी सरांनी उडू दिले नाही. एक तासभर धावपट्टीच्या कडेने नुसती टॅक्सी: वाऱ्यात, वाऱ्याकडे पाठ करून, आडव्या वाऱ्यात. पुढे शेपूट उचलून धावणे आणि पुन्हा टेकवणे. तो तास वडिलांच्या पैशाचाच होता, आणि या वेळी मी एकही मिनिट मोजले नाही.

तिसऱ्या दिवशी सर दार उघडून उतरले आणि म्हणाले, "एक चक्कर मार आणि ये." वारा पुन्हा डावीकडूनच होता. उतरलो. चाके टेकल्यावर कंट्रोल पोटाशी आणि डावीकडे धरून ठेवला, पाय चालूच होते, उजवा-डावा, उजवा-डावा, जेमतेम बोटभर. झाडाखाली कोण उभे होते ते मला आजही सांगता येणार नाही. विमान हँगरसमोर आणून इंजिन बंद केले. मेकॅनिककाकांनी चाकांना लाकडी ठोकळे लावले, पंखांना दोर बांधले आणि हात वर केला. तेव्हा मी पेडलवरून पाय उचलले. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते.