घमेले उचलणारे पाहुणे

सुट्टीत परदेशी जाऊन सेवाकार्य करावे, असे हल्ली कॉलेजातल्या पुष्कळ मुलामुलींना वाटते. घरची वडीलधारी मंडळी विचारतात, “का रे, तिकडे गवंडी मिळत नाहीत का?” प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

1920 साली पिएर सेरेझोल या स्विस इंजिनिअरने फ्रान्समध्ये, पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दंच्या रणभूमीजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात तरुणांचे श्रमशिबिर भरवले. त्यांत जर्मनही होते. त्यांनी ढिगारे उपसले, खड्डे बुजवले, निवारे उभारले. पण जर्मन माणसे नकोत असा सूर निघाला आणि काही महिन्यांत शिबिर गुंडाळावे लागले. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था मात्र तिथूनच वाढली. 1934 च्या भूकंपानंतर सेरेझोल स्वतः बिहारमध्ये आले आणि गावे पुन्हा वसवण्याच्या कामाला लागले.

पुढे 1950 च्या दशकात याच संस्थेचे तरुण वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात, म्हणजे कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत, आले. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी घ्यायला तेव्हा लोक कचरत. ही नाना देशांची मुले तिथेच राहिली, तिथलेच जेवली आणि विटा वाहून दवाखान्याच्या इमारती बांधू लागली. ते पाहून गावकऱ्यांची भीड चेपली. विटा काय, वरोऱ्याच्या गवंड्यांनीही रचल्या असत्या. पण शेजारीपाजारी काय म्हणतील, हा गावातल्या माणसाला असलेला धाक बाहेरून आलेल्याला नसतो. परक्या स्वयंसेवकाचे खरे भांडवल तेच. हातातले कसब नव्हे.

आता थोडे व्यवहाराचे. अशी शिबिरे बहुधा दोन-तीन आठवड्यांची असतात. प्रवासखर्च आपला, जेवणखाण आणि निवारा यजमानांचा. फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. हे काम गावाने मागितले आहे का? आपल्या फुकटच्या श्रमांनी तिथल्या कोणाची मजुरी बुडणार नाही ना? आणि आपण परतल्यावर ते काम कोण पुढे नेणार? अनाथाश्रमाच्या बाबतीत तर दहादा विचार करा. दर पंधरवड्याला नवी ताई, नवा दादा यायचा, लळा लावायचा आणि निघून जायचा, हे त्या लेकरांच्या जिवाला लागते.

उत्तरे पटली तर खुशाल जा. मात्र पोचल्या पोचल्या सूचना करायला लागू नका. मुकादम सांगेल ते काम आधी करा.