घरापासून घरापर्यंत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. पण गेल्या श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करून आले, तेव्हापासून "कशी झाली फेरी?" असे प्रत्येकजण विचारते. तेव्हा एकदाच सर्वांना सांगते.

श्रावणाच्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ही प्रदक्षिणा घालण्याचा प्रघात आहे. लहान फेरी सुमारे 20 किलोमीटरांची. मोठी त्याच्या दुप्पट. आम्ही चौघी लहान फेरीलाच निघालो. "गुडघ्यांना विचारलेस का?" असे घरून विचारणे झालेच! रात्रभर एस. टी.त बसून नाशिक गाठले, तेथून त्र्यंबक. कुशावर्तावर स्नान केले आणि पदर खोचून गर्दीबरोबर चालू लागलो.

गावाबाहेर पडताच पावसाने गाठले. आपल्याकडे पावसात काळी माती पायाला धरून ठेवते. तिकडची वाट पाण्याने धुऊन निघालेली, दगडागोट्यांची. डाव्या-उजव्या हाताला भाताची हिरवी खाचरे, वर उतारावर नागली आणि वरई. पहिणे गावाकडे दरी लागते. तेथे झाडी दाट होते, कड्यावरून पाण्याच्या पांढऱ्या धारा उतरतात, आणि पुढच्या माणसाचा आवाज ऐकू येतो पण माणूस दिसत नाही, असे धुके.

त्या धुक्यात मला एक जुनी कथा आठवली. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई चारही मुलांना घेऊन याच प्रदक्षिणेला निघाले होते. वाटेत वाघ आला. पळापळीत थोरला निवृत्ती चुकला, आणि डोंगरातल्या गुहेत त्याला गहिनीनाथ भेटले, असे परंपरा सांगते. आपण ही कथा गुरुभेटीची म्हणून ऐकतो. पण मुक्ता तेव्हा लहान. तिला आईनेच उचलले असेल. पोरे मोजताना एक कमी भरले, तेव्हा त्या माउलीचे काय झाले असेल? आपल्या जिल्ह्यातले नर्सी ज्यांचे जन्मगाव मानतात, ते नामदेव महाराज पुढे याच भावंडांचे सांगाती झाले. म्हणून ती वाट मला परकी वाटली नाही.

पुढे एका वस्तीपाशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एका बाईने मला आपल्या पडवीत बसवले, सुतळीने चप्पल बांधून दिली, काळा चहा दिला.

"कुठून आल्या, मावशी?"

"कळमनुरीहून. तुम्ही किती वेळा केली फेरी?"

ती हसली. "फेरी आमच्या दारावरूनच जाते. पण मी नाही गेले कधी. पाणी आहे, गुरं आहेत, भाताची निंदणी आहे. चालते तर रोजच."

मला पुढे बोलता येईना. चहाचे पैसे देऊ केले, ते तिने घेतले नाहीत. दुपार कलता आम्ही पुन्हा त्र्यंबकला पोचलो. देवापुढे हात जोडले तेव्हा माझ्याआधी तिचीच आठवण झाली.

परत आल्यावर मनात आले, की त्या बाईत आणि माझ्यात अंतर ते किती? लग्न होऊन मी या गावी आले त्याला पस्तीस वर्षे झाली. दळणाला, बाजाराला, शाळेत मुलांना सोडायला, दवाखान्यात मी चालले आहे. पण गावाभोवतीच्या शिवारातून, नुसते पाहण्यासाठी, एकदाही फिरले नाही. आपल्या तालुक्यातून वाहणारी कयाधू ही प्रल्हादाच्या आईचे नाव घेऊन वाहते. तिचे पाणी पैनगंगेला, पुढे वर्धा आणि प्राणहितेतून त्याच गोदावरीला मिळते, जी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिच्या काठी मी शेवटची कधी उभी राहिले, ते मला सांगता येणार नाही.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवते. सोयाबीन घरात आले, तूर फुलावर आली आणि थंडी पडली, की एका रविवारी सकाळी आपण निघू. झेपेल तेवढेच चालू. शिवारातून, नदीकाठाने, जिथे झाडी असेल तिथे भाकरी सोडू, आणि संध्याकाळच्या दिव्याला घरी परत. पत्रावळी आणि कागद परत पिशवीत आणायचे. सासूबाईंनाही बोलवायचे, नव्या सुनांनाही. त्या दिवशीचा स्वयंपाक कोण करील, हा प्रश्न घरोघर आधीच विचारून ठेवावा. तो सुटला की वाट अवघड नाही.

आणि भगिनींनो, वाटेत कुणी बाई आपल्या दाराशी उभी राहून आपल्याकडे पाहत असली, तर तिला नुसते पाणी मागू नका. "चल येतेस का?" एवढे जरूर विचारा.