लाजाळूचा हिशेब

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या दगडी रस्त्यांवरून एक घोडागाडी चालली होती. आत लाजाळूच्या कुंड्या ठेवल्या होत्या. देफोंतेन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्याला त्या शहरभर फिरवून आणायला आणि पानांवर नजर ठेवायला सांगितले होते. पहिल्या हादऱ्यासरशी पाने मिटली. गाडी खडखडत राहिली, आणि थोड्या वेळाने, हादरे चालू असतानाच, पाने पुन्हा उघडली!

आपल्या कोकणात पावसाळ्यात बांधावर पसरणारी, अनवाणी पायांना काटे टोचणारी, ती हीच लाजाळू. मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, पण इथे इतकी रुळली की तिचे परकेपण कुणाला जाणवतही नाही.

तिला ना स्नायू, ना मज्जातंतू. सगळी करामत पाण्याची. पानाच्या देठाच्या बुडाशी एक फुगीर गाठ असते. तिच्यातल्या पेशी पाण्याने टम्म भरलेल्या असतात, म्हणून देठ वर उचललेला राहतो. स्पर्श झाला की विजेचा एक सूक्ष्म संदेश गाठीपर्यंत धावतो. खालच्या बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर पडतात, त्यांच्या मागोमाग पाणी जाते, आणि टेकू काढल्यागत देठ खाली येतो. एवढे सारे एक-दोन सेकंदांत. पूर्ववत व्हायला मात्र कितीतरी मिनिटे लागतात. जगदीशचंद्र बोस यांनी हे प्रतिसाद टिपण्यासाठी अतिशय नाजूक यंत्रे घडवली. त्यांच्याही आधी, १८७८ साली, क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की ईथरची वाफ दिली तर लाजाळू स्पर्शाला दाद देत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या माणसासारखीच म्हणायची!

पण एवढा खटाटोप कशासाठी? २०२२ साली जपानी संशोधकांनी जनुकात बदल करून न मिटणारी लाजाळू तयार केली. नाकतोड्यांनी तिची पाने साध्या लाजाळूपेक्षा जास्त फस्त केली. म्हणजे हे लाजणे वगैरे काही नाही, चक्क संरक्षण आहे.

हे संरक्षण फुकट मात्र मिळत नाही. मिटलेल्या पानावर ऊन कमी पडते, अन्न कमी तयार होते. वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला मिटणारे झाड उपाशीच राहायचे. पॅरिसच्या त्या गाडीतले कोडे इथे उलगडू लागते.

मोनिका गॅलियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली तोच प्रयोग नीट मोजूनमापून केला. कुंड्या साधारण १५ सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा खाली सोडल्या. इजा होत नाही म्हटल्यावर रोपांनी मिटणे सोडले. ती थकली असतील, ही शंका साहजिकच. म्हणून त्यांना वेगळ्या तऱ्हेने हलवून पाहिले, तर पाने तत्काळ मिटली. जवळजवळ महिनाभराने पुन्हा कुंड्या सोडल्या, तेव्हाही त्या धक्क्याकडे रोपांनी दुर्लक्षच केले. याला स्मृती म्हणायचे का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. त्या वादापेक्षाही लक्षात घेण्याजोगे निरीक्षण आणखी एक आहे: मंद उजेडात वाढलेली रोपे हे दुर्लक्ष अधिक लवकर शिकली. उन्हाची मुळातच चणचण असल्याने त्यांना उगाच मिटून राहणे परवडणारे नव्हते.