मुलांचे पहिले विमान
(वर्धापनदिनानिमित्त दिलेले भाषण)



वर्धापनदिनी विमानावर भाषण म्हटल्यावर काहीजणींना हसू आले असेल. पण मी बोलणार आहे ते कागदाच्या, तोळाभर वजनाच्या विमानावर. आणि ते आपल्या घरातलेच आहे.

१८७८ साली अमेरिकेतील मिल्टन राइट यांनी आपल्या विल्बर व ऑर्व्हिल या मुलांना एक उडते खेळणे आणून दिले. बांबू, बूच आणि कागद यांचे ते केलेले. रबराला पीळ दिला की वर उडे. मूळ कल्पना फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांची. त्यांचे रबरावर चालणारे छोटे विमान १८७१ साली पॅरिसच्या एका बागेत ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले होते. राइट बंधूंचे खेळणे मोडले, तेव्हा त्यांनी स्वतः तसेच दुसरे बनविले. पुढे १९०३ साली त्यांनी काय केले, ते आपण जाणताच. परंतु हातांचे कसब त्यांना आईकडून मिळाले, हे फारसे कोणी सांगत नाही. सुझन राइट या गाड्या बनविणाऱ्या कारागिराच्या कन्या. मुलांची खेळणी त्या घरी करीत, आणि काही अडले की मुले त्यांनाच विचारीत. मुलांचे यश पाहण्यास मात्र त्या राहिल्या नाहीत. १८८९ सालीच त्या निवर्तल्या.

आज बाजारात रेडिओवर चालणारी महागडी विमाने मिळतात. ती वाईट नव्हेत. पण पहिलेच विमान महाग असले, की मूल भीत भीत खेळते आणि आपण "मोडशील हं!" म्हणून मागे उभ्या! पहिले विमान असे असावे, की पडले तरी गोंद लावून पुन्हा उडेल.

जाड कागदाचे पंख कापावेत, ते मध्यापासून दोन्ही टोकांकडे किंचित वर उचललेले असावेत, म्हणजे विमान कलंडत नाही. शेपूट चिकटवावी आणि नाकाला मातीची गोळी लावावी. पंखांखाली, पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर दोन बोटे धरली, की विमान तोलून राहिले पाहिजे. मग वारा पडलेला असताना, गच्चीवरून नव्हे, मैदानात, समोर अलगद सोडावे. नाक वर करून मध्येच कोसळले, तर गोळी थोडी वाढवावी. सरळ खाली गेले, तर कमी करावी. एका वेळी एकच बदल करावा. काय बदलल्याने काय झाले, हे मुलाला आपोआप कळू लागते. ते जमले, की पंखा आणि रबर लावावे.

आता एक विनंती. अशा वर्गाची गोष्ट निघाली, की नावे मुलग्यांची येतात आणि मुलींच्या वाट्याला पंख रंगविणे येते. आपल्या उन्हाळी वर्गात विमानाचा एक तास ठेवावा, आणि कात्री, गोंद व मातीची गोळी मुलींच्याही हाती द्यावी. विमान पडले, तर दुरुस्तीही त्यांनाच करू द्यावी. आपण केवळ शेजारी बसावे.