नोकरी त्याची, परीक्षा घरच्यांची

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी व्याख्याता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि वीसेक वर्षे डब्यांच्या दुरुस्तीत गेली. चिटणीसांनी ‘दिव्यांगांचा रोजगार आणि कुटुंब’ असा भारदस्त विषय दिला आहे. त्यातले मला माझ्या घरापुरते कळते, तेवढेच सांगतो.

माझ्या धाकट्या भावाला तुम्ही सगळे ओळखता. आरतीला झांजा वाजवतो तो. वय अडतीस. पूर्वी ‘मतिमंद’ म्हणत, आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. शब्द बदलला हे चांगलेच झाले. घरातली आमची वागणूक बदलायला मात्र फार वर्षे लागली.

आमच्या वडिलांची इच्छा एकच होती, त्याला रेल्वेत चतुर्थ श्रेणीत चिकटवायचे. अपंगांसाठी 3 टक्के जागा राखीव आहेत, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. अर्ज केले, साहेबांना भेटले, वाट पाहिली. पण 1995 च्या कायद्यातले ते आरक्षण दृष्टी, श्रवण आणि हालचालीच्या अपंगत्वासाठी होते. बौद्धिक अपंगत्व त्यात नव्हतेच. ते आले 2016 च्या कायद्याने. तेव्हा राखीव जागा 4 टक्के झाल्या आणि त्यातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरेंना मिळून ठेवला गेला. म्हणजे वडिलांनी इतकी वर्षे ज्या गाडीची वाट पाहिली, ती वेळापत्रकात नव्हतीच. चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्यांच्या घरात ही गत!

2014 मध्ये ओळखीने त्याला एका दुकानाच्या गोदामात खोकी चिकटवण्याचे काम मिळाले. काम जमत होते. पण वडील त्याला स्कूटरवरून थेट दारात सोडत आणि आई दिवसातून चार वेळा फोन करून जेवलास का विचारी. त्यात गणपती आले. आम्ही सगळे दहा दिवस गावी निघालो, त्यालाही घेतले. मालकाला विचारायचे कोणाच्या डोक्यातही आले नाही. ‘त्याला कसली आली रजा’, हे वाक्य माझेच. परत आलो तर त्याच्या जागी दुसरा मुलगा बसलेला. मालकाला मी दोष देत नाही. त्याने माणूस ठेवला होता, आम्ही त्याला लहान मूल समजून धाडत होतो. त्यानंतर भाऊ आठ वर्षे घरी होता.

आता थोडे आधाराच्या रोजगाराविषयी. जुनी पद्धत अशी की आधी शिकवायचे, मग नोकरी. मग मुले वर्षानुवर्षे मेणबत्त्या आणि पाकिटे करत राहतात, नोकरी येतच नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकात मार्क गोल्ड नावाच्या शिक्षकाने तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवले. पॅडल उलटे मारले की लागतो तो, मागच्या चाकाच्या हबमधला. सुटे भाग बरेच, पण कामाच्या इतक्या बारीक पायऱ्या पाडल्या की ते जमले. एखादी पायरी अडली तर शिकणाऱ्यात खोट न काढता शिकवण्याची रीत बदलायची, असे त्याचे म्हणणे. बोगी उघडण्या-जोडण्याचा क्रम आम्ही असाच पायरीपायरीने पाळतो, त्यामुळे मला ते लगेच पटले. पुढे तिकडे ‘आधी कामावर ठेवा, मग तिथेच शिकवा’ ही पद्धत रुळली. सोबत जॉब कोच असतो. तो आधी दिवसभर थांबतो, मग कमी कमी करत मागे सरतो.

2022 मध्ये भावासाठी हॉटेलांचे कपडे धुणाऱ्या एका लाँड्रीत जागा निघाली. टॉवेलच्या घड्या घालायच्या आणि दहा-दहाचे गठ्ठे करायचे. घडी उत्तम, पण मोजणी सहापुढे घसरे. मी मोठ्या ऐटीत गेज बनवले, दहा टॉवेल बसतील एवढ्या उंचीचे. पहिल्याच दिवशी त्यात बारा बसले. टॉवेल दाबला की दबतो, हे डिप्लोमावाल्याला सुचले नाही! मग कोचबाईंनी प्लायवूडच्या फळीवर दहा चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात एक टॉवेल, सगळे भरले की गठ्ठा बांधायचा. अजून तीच फळी चालू आहे.

पण त्या बाई लाँड्रीत जायच्या आधी आमच्या घरी आल्या होत्या. चहा घेता घेता आईला विचारले, याला सकाळी उठवते कोण? मी. आंघोळीचे पाणी कोण काढते? मी. डबा, पिशवी, चपला? मी, मी, मी. आईलाच हसू आले, मग डोळे भरून आले. बाई म्हणाल्या, “आजी, कामावरचे मी शिकवीन. घरचे तुम्ही सोडल्याशिवाय सुटणार नाही.” गजर लावणे आणि डबा भरणे त्याच्याकडे गेले. फोन फक्त जेवणाच्या सुट्टीत करायचा, असे ठरले.

तरी आई मनापासून तयार नव्हती. कारण लाड नव्हे, पेन्शन. वडील 2018 मध्ये गेले. आज कुटुंब निवृत्तिवेतन आईला मिळते, तिच्यानंतर ते दिव्यांग मुलाला जन्मभर मिळू शकते. ती म्हणे, “पगार आज आहे, उद्या मालक नको म्हणेल. पेन्शन गेली तर याने काय खायचे?” आम्ही तिला हट्टी म्हणत होतो. पण तिची भीती खरी होती. जुन्या नियमात मुलाचे उत्पन्न महिना 9,000 रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता, याच्यापुढे गेले की हक्क जाई. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने ही अट सैल केली. आता दिव्यांग मुलाचे इतर उत्पन्न सामान्य दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के अधिक महागाई भत्ता याच्यापेक्षा, कमी असले की झाले. शेवटचे वेतन 40,000 धरा, तर 12,000 आणि वर भत्ता. हा हिशोब कागदावर मांडून दाखवल्यावर आई त्या रात्री झोपली. मुलाचे नाव आई-वडिलांच्या हयातीतच पी.पी.ओ.मध्ये नोंदवून घेता येते, तेही आम्ही केले. घरच्यांना ‘सकारात्मक व्हा’ असे उपदेश करण्याआधी हा हिशोब समोर ठेवावा, असे माझे मत आहे.

माझी पाळी प्रवासाची होती. सीताफळमंडीहून एम.एम.टी.एस.ने विद्यानगर, तिसरे स्टेशन. लोकल वेळेवर येत नाही हे सांगणे माझ्या पगाराला शोभत नाही, पण गाडी न आल्यास काय करायचे हेच त्याला जास्त दिवस शिकवावे लागले. आधी शेजारी बसलो, मग त्याच डब्यात लांब, मग पुढच्या डब्यात. एके दिवशी त्याला एकट्याला सोडले आणि मी खांबाआड लपून राहिलो. त्याने पाहिलेच. जवळ येऊन म्हणाला, “दादा, घरी जा. तुला ड्यूटी नाही का?”

पगार त्याच्या खात्यात जमा होतो. माझी बायको महिन्यातून एकदा त्याला घेऊन बँकेत जाते. पाचशे रुपये हातखर्चाला. त्यातले निम्मे उस्मानिया बिस्किटांवर जातात, म्हणून ती कुरकुरते. मी तिला सांगतो, माझे निम्मे कशावर जातात ते विचारू नकोस. कामावर तो तेलुगू शिकला आहे. निघताना सगळ्यांना ‘रेपु वस्तानु’, उद्या येतो, असे सांगतो. आईला कळत नाही, पण ऐकायला आवडते.

सगळे सुरळीत आहे असे नाही. मध्ये दोन महिने त्याची एका सहकाऱ्याशी बोलाचाली बंद होती आणि मी मालकाकडे जायला निघालो होतो. कोचबाईंनी थांबवले. त्यांचे त्यांनी मिटवले. कसे, ते मला अजून कोणी सांगितलेले नाही.

आपल्या मंडळाच्या वर्गणीच्या यादीत अशी आणखी घरे आहेत. कोणती, ते मी बोलणार नाही. मनोविकास नगरातली राष्ट्रीय संस्था 1984 पासून आपल्याच गावात आहे आणि आम्ही कितीतरी वर्षे तिथे फक्त दाखल्यापुरते जात होतो. पी.पी.ओ.चे किंवा दिव्यांग ओळखपत्राचे कागद कोणाला दाखवायचे असतील तर रविवारी आरतीनंतर मी मागच्या खोलीत बसेन.

आणि काहींनी विचारले की यंदा झांजा कोण वाजवतो आहे. सणात हॉटेले भरलेली असतात, लाँड्रीत टॉवेलांचा डोंगर असतो, म्हणून भाऊ दुपारच्या आरतीला नाही. अनंत चतुर्दशीची रजा मात्र त्याने टाकली आहे. अर्ज स्वतः लिहिला, दोन ओळींचा. मंजूर झाला आहे.